सांगली-साताऱ्याहून कोकणातली जुनी लाइटहाऊसं : ग्रुप टूर, तीन की पाच?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. दिवाळी झाली की आमच्या मॉर्निंग वॉकच्या ग्रुपचं कोकणात जायचं ठरतंय. विश्रामबागचे आम्ही काहीजण, मिरजेचे दोघंतिघं आणि साताऱ्याचे पाहुणे, ते उंब्रजवरून मल्हारपेठेत येऊन गाडीत चढणार. सतरा सीटर ट्रॅव्हलर आहे. दरवर्षी गणपतीपुळे, पावस आणि घरी येताना दोन पेट्या आंबापोळी, याचा सगळ्यांना कंटाळा आलाय म्हणून या वेळी विषय एकच धरलाय, किनाऱ्यावरची जुनी लाइटहाऊसं.

रूट असा : सांगली, आष्टा, पेठ नाका, कऱ्हाड, पाटण, कुंभार्ली घाट, चिपळूण, गुहागर. तिथं अंजनवेलचं टाळकेश्वर लाइटहाऊस. मग हेदवीवरून तवसाळ, फेरीबोटीने जयगड, तिथलं लाइटहाऊस. मग रत्नागिरी, रत्नदुर्गावरचं. मग सागरी रस्त्याने जैतापूरचं, वाटेत विजयदुर्ग किल्ला, मग देवगडचं, आणि येताना गगनबावडा, कोल्हापूर, सांगली.

आता भांडण इथं आहे की अर्धा ग्रुप म्हणतो पाचही चढायची, एवढ्या लांब जाऊन सोडायची कशाला. उरलेले म्हणतात तीनच करा पण नीट करा. मी मधल्यामधे. ज्यांनी यातली बघितलीत त्यांनी सांगा. ग्रुपमध्ये साठीच्या पुढचे बरेच आहेत, दोघांचे गुडघे आहेत आणि एक माळकरी काका आहेत, म्हणजे जेवणाचाही प्रश्न आहेच.

एसटीवाला

पाच विसरा. आयुष्य घाटात गाडी चालवण्यात गेलं म्हणून सांगतो, कागदावर कोकणातलं अंतर आणि प्रत्यक्षातलं अंतर यात फरक असतो. साठ किलोमीटर म्हणजे आपल्याकडे तास, तिथं सागरी रस्त्याला दोन-अडीच तास धरा, वळणं, खाडी, परत वर सडा (डोंगरावरचं सपाट कातळ), परत खाली वाडी. शिवाय म्हातारी माणसं म्हणजे दर तासाला गाडी थांबणारच.

कुंभार्ली दिवसाउजेडी उतरा. पोफळीच्या बाजूची वळणं अंधारात नको. सांगलीतून पहाटे निघालात तर कोयनानगरला नाष्टा, चिपळूणला जेवण आणि दुपारी टाळकेश्वरला पोचताय.

फेरीबोटीचं एक ध्यानात ठेवा. ट्रॅव्हलरचं मागचं बूड लांब असतंय, ओहोटीला रॅम्प तिरपा होतो आणि मागचा बंपर घासतो. ड्रायव्हर नवीन असला तर माणसं खाली उतरवून गाडी चढवायची. बोटीवाले सांगतात तसं वागायचं, तिथं आपलं शहाणपण चालवू नका.

देवगडची_सून

माहेर तासगाव, सासर देवगड, त्यामुळे दोन्हीकडचं कळतं :)

कृष्णाकाठ दादा, तुमच्या पाचच्या प्लॅनमध्ये रस्त्यापेक्षा मोठी अडचण वेगळीच आहे. ही लाइटहाऊसं काही दिवसभर उघडी नसतात हो. बहुतेक ठिकाणी लोकांना वर सोडतात ते दुपारी चारच्या पुढे, दिवा लागायच्या आधीपर्यंत. म्हणजे सगळ्यांची वेळ एकच. जयगडला साडेचारला वर चढलात तर त्या दिवशी रत्नागिरीचं दार तुमच्यासाठी बंद झालं. दिवसाला एकच होतं, दुसरं फक्त बाहेरून बघायचं. निघायच्या आधी फोन करून वेळ विचाराच, मधेच कधी दुरुस्ती असते, कधी साहेब लोकांची व्हिजिट असते.

तिकीट किरकोळ असतं, सुटे पैसे ठेवा.

अजिंक्यतारा

साताऱ्याचे पाहुणे म्हणजे आम्हीच :) आमचं मत तीन. पण मला एक सांगा, वर चढून बघायचं काय असतं? समुद्र तर खालूनही दिसतोच. आमच्या ह्यांना किल्ल्यात रस आहे, मला तर एवढ्या पायऱ्या चढून काय मिळणार ते कळेना.

मिरजेचे_मास्तर

अजिंक्यतारा ताई, समुद्रासाठी चढायचंच नाही. भिंगासाठी चढायचं.

जरा सविस्तर लिहितो, शाळेत फिजिक्स शिकवलंय त्यामुळे आवरत नाही. साध्या दिव्याचा उजेड चारी बाजूंना, वर खाली सगळीकडे सांडतो. जहाजाला हवा असतो तो फक्त क्षितिजाच्या रेषेत जाणारा. आधी दिव्यामागे चकचकीत आरसे लावायचे, पण त्यात बराच उजेड वाया जायचा. फ्रेनेल नावाच्या फ्रेंच इंजिनिअरने डोकं चालवलं की मोठं भिंग एकसंध करायची गरजच नाही, आतला जाड भाग काढून टाकायचा आणि काचेची कडी-कडी करून प्रत्येक कडं असं वळवायचं की उजेड आडवाच बाहेर पडेल. १८२३ साली फ्रान्समधल्या कोर्दुआं दीपगृहात ते पहिल्यांदा लावलं. सगळ्यात मोठ्या दर्जाच्या भिंगात दिवा ते भिंग हे अंतरच ९२० मिलिमीटर असतं, म्हणजे माणूस आत उभा राहू शकतो.

आता हे एवढं टनावारी वजनाचं काचेचं झुंबर फिरवायचं कसं? तर पाऱ्यावर तरंगवायचं. गोल हौदात पारा आणि त्यावर अख्खं भिंग, मग एका बोटाने ढकललं तरी फिरतं. मोटारी नव्हत्या तेव्हा भिंतीवरच्या घड्याळासारखी किल्ली द्यायचे, मनोऱ्याच्या पोकळीतून वजन खाली खाली येत राहायचं आणि त्या ओढीने भिंग फिरायचं, रात्रीतून ते परत परत वर ओढायचं काम राखणदाराचं. आणि दिवा म्हणाल तर तेलाची वात, पुढे रॉकेलची वाफ करून मॅन्टल पेटवायचे, आपल्याकडे लग्नात डोक्यावर घेऊन चालायचे ती गॅसबत्ती, तेच तंत्र. पारा पुढे ताप झाला, त्याची वाफ विषारी. म्हणून जगात बऱ्याच ठिकाणी तो काढून टाकला.

दिवसा वर गेलात तर काचांना आतून पडदे लावलेले दिसतील. ऊन आत आलं तर हेच भिंग उलटं काम करून आतच आग लावेल. हे आमच्या पोरांना सांगितलं की वर्गात एकदम शांतता व्हायची.

भडंगप्रेमी

मास्तर एवढं सांगितलंत पण आता जीपीएस आलाय की ओ. मोबाईलवर बोट कुठाय ते दिसतंय. मग ही लाइटहाऊसं सरकार अजून का चालवतंय? म्युझियम करून टाका सरळ.

मांडवी_किनारा

रत्नागिरीतून लिहितोय. आमच्या घरात तीन पिढ्या मासेमारी, त्यामुळे या प्रश्नाचं उत्तर द्यायला हरकत नाही.

जीपीएस आता लहान होडीवर पण असतो, खरंय. पण रात्री बंदरात शिरताना कोण फक्त स्क्रीनकडे बघून शिरत नाही. स्क्रीन सांगते तू इथं आहेस, डोळ्यांना समोर दिवा दिसला की खात्री पटते. मशीन बंद पडतं, बॅटरी उतरते, कधी नुसतीच चूक दाखवतं. बाहेरून येताना आधी दिवा दिसतो, किनारा दिसायच्या कितीतरी आधी. आणि नुसता दिवा नाही, *कुठला* दिवा ते कळतं. प्रत्येकाची उघडझाप ठरलेली, किती वेळा लागणार, किती सेकंद अंधार, ते सगळं नकाशात आणि दिव्यांच्या यादीत छापलेलं असतं. दोन शेजारशेजारच्या दिव्यांची चाल सारखी ठेवत नाहीत. आमच्या आज्याला अक्षर वाचता येत नव्हतं पण दिवा बघून तो सांगायचा आता आपण जयगडच्या वर आहोत की खाली.

दिवसा ओळख पटायला मनोऱ्याचा रंग. कुठे काळेपांढरे पट्टे, कुठे लालपांढरे, कुठे नुसता पांढरा. ते शोभेसाठी नसतं.

आणि आता कित्येक ठिकाणी दिव्याबरोबर रडारला उत्तर देणारं यंत्र पण असतं, जहाजाच्या रडार स्क्रीनवर त्या जागी खुणेचं अक्षर उमटतं. म्हणजे म्युझियम नाही, नोकरीवरच आहेत अजून.

भडंगप्रेमी

पटलं दादा. सांगलीकरांच्या भाषेत म्हणजे पावसाळ्यात आयर्विन पुलाला पाणी किती ते मोबाईलवर तासातासाला येतंय तरी आम्ही पुलावर जाऊन बघून येतोच.

मिरजेचे_मास्तर

एक भर. दिवा किती लांबून दिसेल हे फक्त दिव्याच्या ताकदीवर नसतं, पृथ्वी गोल आहे ना. उंची मीटरमध्ये घ्या, वर्गमूळ काढा, ३.५७ ने गुणा, तेवढ्या किलोमीटरवर क्षितिज. दिवा समुद्रापासून १०० मीटर उंचीवर असला तर साधारण ३६ किलोमीटर. बोटीवरच्या माणसाचे डोळे पाण्यापासून ४ मीटरवर असतील तर त्याचे आणखी ७. बेरीज ४३ किलोमीटर, म्हणजे २३ सागरी मैल (एक सागरी मैल १८५२ मीटरचा). म्हणून तर कोकणात मनोरे फार उंच बांधावे लागत नाहीत, खाली सडा किंवा किल्ल्याचा डोंगर आयताच मिळतो.

कृष्णाकाठ

वा, धागा भारी चाललाय. बरं मग ठरलं, तीन. टाळकेश्वर, रत्नागिरी, देवगड. जयगड आणि जैतापूर जाता जाता बाहेरून. पाचवाले जरा नाराज आहेत पण वेळेचं गणित समोर ठेवल्यावर गप्प बसले.

आता इतिहासातलं कोणी सांगेल का? गाडीत मला माईक धरायचाय, नाहीतर अंताक्षरी सुरू होते.

एसटीवाला

गणपतीपुळ्याला न थांबता पुढं गेलात तर माणसं बंड करतील. तेवढं दर्शन ठेवा. मालगुंडला केशवसुतांचं घर आहे तेही वाटेतच.

मांडवी_किनारा

इतिहास थोडा सांगतो. रत्नागिरीचं लाइटहाऊस १८६७ चं. तिकडे थळसमोर खांदेरी बेटावर आहे तेही १८६७ चंच. देवगडचं किल्ल्यातच, १९१५ चं. त्या काळात मुंबईहून आगबोटी निघायच्या त्या जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला करत गोव्यापर्यंत. आगबोट बाहेर खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसं पडावातून, म्हणजे लहान होड्यांतून जायची, बायकापोरं, ट्रंका, कोंबड्या सगळं. रात्रीअपरात्री. दिवा नसता तर काय झालं असतं विचार करा.

रत्नदुर्गावर एक गफलत होते बाहेरच्यांची. किल्ला घोड्याच्या नालासारखा पसरलाय, भगवतीचं देऊळ एका टोकाला आणि लाइटहाऊस दुसऱ्या टोकाला सिद्धबुरुजावर. लोक देवळात जातात, तिथून समोर लाइटहाऊस दिसतं, फोटो काढतात आणि वेळ गेली म्हणून परत जातात. तुम्ही आधी लाइटहाऊस करा, देवी कुठे जात नाही.

हळदबाजार

वरच्या आगबोटींशी आपला घाटावरचा पण संबंध आहे बरं का. रेल्वे यायच्या आधी आपल्या भागातला गूळ, मिरची, धान्य बैलांवर आणि गाड्यांवर लादून घाट उतरायचं. कऱ्हाडकडचं कुंभार्लीतून चिपळूणच्या बंदरात, कोल्हापूरकडचं आंबा घाटाने रत्नागिरी-राजापूरला. वर येताना मीठ, खोबरं, सुकी मासळी. आमच्या पणजोबांचा अडतीचा धंदा होता आणि घरात सांगायचे की चिपळूणचा माल अडकला की इथं पेठेत भाव हलायचा. तेव्हा अंजनवेलच्या टोकाला वाशिष्ठीच्या तोंडावर उभे राहाल तेव्हा आपल्याच गुळाची वाट बघताय असं समजा.

अजिंक्यतारा

हे वाचून आता मला जायचंय :) बाकी आमच्या प्रतापगडाबरोबर खांदेरी, विजयदुर्ग आणि सुवर्णदुर्ग पण युनेस्कोच्या यादीत गेले ना २०२५ मध्ये. विजयदुर्गला तासभर तरी द्या कृष्णाकाठ, हेलियमचा शोध लागला तो कट्टा बघायचाय ह्यांना.

मिरजेचे_मास्तर

ताई, त्या कट्ट्याबद्दल माईकवर बोलायच्या आधी हे वाचा. १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास ग्रहण भारतातून दिसलं, त्या दिवशी सूर्याच्या ज्वाळांचा वर्णपट टिपणारा जान्सेन हा फ्रेंच खगोलतज्ज्ञ गुंटूरला होता, आंध्रात. लॉकियर हा इंग्रज खगोलतज्ज्ञ त्या वेळी इंग्लंडमध्ये, त्याने ऑक्टोबरमध्ये तिथूनच ग्रहणाशिवाय त्या ज्वाळा बघितल्या आणि त्यातल्या पिवळ्या रेषेवरून पुढे हेलियमचं नाव आलं. पृथ्वीवर हेलियम सापडायला १८९५ उजाडलं, ते रॅम्से या ब्रिटिश शास्त्रज्ञाला.

लॉकियर विजयदुर्गला खरंच आला होता, पण २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. मोठा लवाजमा घेऊन आला होता. त्यामुळे साहेबाचे कट्टे बघा, अभिमान बाळगा, फक्त साल नीट सांगा.

देवगडची_सून

मास्तर आमच्याकडे हे मोठ्याने बोलू नका, जेवायला वाढणार नाहीत :D

पण खरं आहे ते, आता इथं पण काही जण १८९८ सांगायला लागलेत.

जेवणाचं सांगते. माळकरी काकांची काळजी करू नका, कोकणात शाकाहारी जेवण उलट छान मिळतं, आधी सांगा म्हणजे झालं. डाळिंबी उसळ, वालाचं बिरडं, सोलकढी, आंबोळी, घावन. फक्त ऐनवेळी सतरा माणसं दारात उभी राहिलात तर कोणीच काही करू शकत नाही, खानावळी लहान असतात. आदल्या रात्री फोन. आणि भडंग डबाभर आणा, सासूबाईंना लागतं.

एसटीवाला

भरती-ओहोटीचं विचारलं होतं कोणीतरी फोनवर. सोपं आहे. त्या दिवशीची तिथी बघा, तिला तीनने गुणा, चाराने भागा, तेवढ्या वाजता भरती. चतुर्थी असेल तर तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. त्याच्या सहा तासांनी ओहोटी. हा अंदाजच, थोडंफार इकडंतिकडं होतं. तवसाळला मी असाच अंदाज बांधून गाडी न्यायचो.

कृष्णाकाठ

कॅलेंडर काढलं. आम्ही जयगडच्या फेरीबोटीला लागणार तेव्हा मधलंच पाणी आहे, चालेल.

सगळ्यांचे आभार. येऊन लिहितो. म्हणजे मी नाही, अजिंक्यतारा ताई लिहिणार आहेत, त्यांनी कबूल केलंय.

अजिंक्यतारा

आलो हो सगळे सुखरूप. लिहायला उशीर झाला कारण आल्यावर कपडे वाळूसकट धुवायचे होते.

कुंभार्ली छान उतरलो, मल्हारपेठेत आमच्या आधी गाडी येऊन थांबलेली, सांगलीकर वेळेचे पक्के निघाले. गुहागरला सामान टाकून थेट अंजनवेल. गोपाळगड बघितला आणि मग टाळकेश्वर. वाटेत तो मोठा वीज प्रकल्प लागतो, जुन्या एन्रॉनचा, तो बघून गाडीत तासभर राजकारण झालं ते सोडते. लाइटहाऊसच्या गॅलरीतून खाली वाशिष्ठी समुद्राला मिळते ती जागा अख्खी दिसते, पलीकडे दाभोळ, मधे धोपाव्याची फेरीबोट एवढीशी. हळदबाजार दादांचं गुळाचं मी माईकवर वाचून दाखवलं, सगळे एकदम गप्प होऊन खाडीकडे बघायला लागले आणि मग काका म्हणाले गुळाचा भाव आता काय चाललाय :)

भिंगाबद्दल. तीनपैकी एका ठिकाणी ड्यूटीवरच्या दादांनी वेळ काढून नीट दाखवलं, आम्ही आठ-आठ जण वर गेलो. गोल जिना संपला की शेवटी अरुंद लोखंडी शिडी, तिथं पर्स आणि पिशव्या खालीच ठेवाव्या लागतात कारण दोन्ही हात लागतात. वर छोटं भोकासारखं दार, त्यातून डोकं बाहेर काढलं की तोंडासमोरच काच. मी भिंग म्हणजे चष्म्याच्या दुकानातलं काहीतरी असेल असं समजत होते. हे पितळेच्या चौकटीत बसवलेले काचेचे पट्टे, एकावर एक, मधे गोल आणि बाहेर कडी कडी, माझ्यापेक्षा उंच. पट्ट्यांच्या कडा हिरवट दिसतात. पडदा थोडा बाजूला केल्यावर त्यातून बघितलं तर समुद्र वर आणि आभाळ खाली! मास्तरांनी लगेच तिथंच समजावलं, उत्तल भिंग, उलटी प्रतिमा. मधे दिवा म्हणाल तर मुठीएवढा. एवढ्याशा दिव्याला एवढा थाट का ते तेव्हा कळलं. काचेला हात लावायचा नाही, घामाचे डाग पडतात, तो पुसायचा कपडा पण वेगळा ठेवलेला.

बाहेरच्या गॅलरीत वारा असा की ओढणी गळ्यात गुंडाळून घ्यावी लागली, आणि कठड्याला हात लावला की हात चिकट, खाऱ्या हवेचा थर. दार ढकलून उघडायला दोघं लागले. ह्यांची टोपी गेली, ती आता अरबी समुद्राची.

रत्नागिरीला मांडवीदादांचं ऐकलं, आधी लाइटहाऊस मग भगवती. गॅलरीतून मिरकरवाडा बंदरातल्या बोटी दिसतात, एकीला एक खेटून. आणि रात्री जेवून मांडवीच्या जेट्टीवर जाऊन बसलो, समोर दिवा. मास्तरांनी सगळ्यांना मोबाईलवर स्टॉपवॉच लावायला लावलं. पहिल्यांदा प्रत्येकाचा आकडा वेगळा, भांडणं, मग कळलं की काहीजण उजेडापासून मोजतायत आणि काहीजण अंधारापासून. मग एकाने "आता" म्हणायचं असं ठरलं आणि सगळ्यांचं जुळलं. आकडा मुद्दाम लिहीत नाही, जाऊन मोजा. माझ्या मते सगळ्या टूरमध्ये हे सगळ्यात भारी झालं आणि याला एक रुपया तिकीट नाही. पाच लाइटहाऊसच्या मागे पळालो असतो तर त्या वेळी आम्ही कुठल्यातरी सड्यावर गाडीत डुलक्या काढत असतो.

देवगडला पण तसंच केलं, संध्याकाळी किल्ल्यात वर जाऊन आलो आणि रात्री किनाऱ्यावरून मोजलं. रत्नागिरीपेक्षा चाल वेगळी आहे हे काकांनी न सांगता ओळखलं, माळकरी काकांनी, ते म्हणाले ठेका वेगळा आहे. पखवाज वाजवतात ते.

एकच तक्रार. एका ठिकाणी आठवडाभर आधी सांगूनही रूम दुसऱ्यांना दिलेल्या, रात्री दोन जागी विभागून झोपावं लागलं. नाव लिहीत नाही, पण आगाऊ पैसे भरल्याची पावती सोबत ठेवा.

मांडवी_किनारा

ताई छान लिहिलंत. ठेक्याचं एकदम बरोबर, आमच्याकडे पण म्हातारे तसेच ओळखतात, सेकंद कोण मोजतं.

भडंगप्रेमी

गुडघेवाल्यांचं काय झालं? माझी आई मागे लागलीय वाचून.

अजिंक्यतारा

दोघीही वर नाही आल्या, खालीच बसल्या. टाळकेश्वरला तर खाली बसूनच इतका समुद्र दिसतो की काही वाईट वाटायचं कारण नाही. गोल जिना एकवेळ जमेल, शेवटची शिडी नाही जमणार, आईंना वर न्यायचा हट्ट करू नका. रात्रीचं मोजायला मात्र त्याच सगळ्यात पुढे होत्या. चिपळूणपर्यंत उलट्यांची गोळी सगळ्यांनाच द्या, कोयनानगरच्या आधी, घाटात दिली तर उपयोग नाही.

हळदबाजार

पुढच्या वर्षी रायगडकडचं करा. कोर्लईचं लाइटहाऊस, वर पोर्तुगिजांचा किल्ला आणि खाली गावात अजून पोर्तुगीज मिसळलेली बोली बोलतात. खांदेरीला थळवरून बोट लागते. शिवाजी महाराजांनी १६७९ ला तिथं तटबंदी सुरू केली आणि इंग्रजांनी नाकाबंदी केली तरी काम थांबलं नाही.

देवगडची_सून

आणि दक्षिणेला वेंगुर्ल्याचं विसरू नका. समोर समुद्रात खडकांची बेटं आहेत, एकावर जुना दिवा आणि गुहांमध्ये पाकोळ्यांची घरटी, लाळेची. ती चोरून विकायचे लोक, म्हणून तिकडे जायला परवानगीशिवाय कोणी बघत पण नाही. पण वेंगुर्ला बंदराजवळच्या टेकडीवर दुसरं लाइटहाऊस आहे ते सोपं आहे.

भडंग पोचलं. तिखट जरा जास्त होतं, सासूबाई म्हणाल्या पुढच्या वेळी लसूण वाढवा.

एसटीवाला

पावसाळ्यात कोणी निघू नका हे पण लिहून ठेवा इथं, वाचून उठतील आणि जूनमध्ये जातील. जून-जुलै मासेमारी बंद, समुद्र खवळलेला, कुंभार्लीत धुकं आणि दरडी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरा. करूळ घाट रुंदीकरणासाठी बराच काळ बंद होता, तेव्हा गगनबावड्यातून कुठला घाट चालू आहे ते निघायच्या दिवशी विचारून जा.

कृष्णाकाठ

कोर्लई-खांदेरीचं डोक्यात घेतलंय. खांदेरीच्या बोटीला किती माणसं लागतात आणि ठरवून न्यायची तर काय घेतात, अलीकडे गेलेलं कोणी असेल तर लिहा. ट्रॅव्हलर तीच, ड्रायव्हर तोच, फक्त या वेळी मल्हारपेठ नाही, साताऱ्याला बॉम्बे रेस्टॉरंट चौकातच उचलतो तुम्हाला.